स्वाराच्या मस्तकाची तजवीज

दत्तजयंतीस तापीकाठी सारंगखेड्याला, म्हणजे १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि आता नंदुरबारात मोडणाऱ्या त्या गावी, घोड्यांचा जो बाजार भरतो, तेथे आलेले जाणते गिऱ्हाईक जनावराचा जबडा उघडून दातांवरून वय ताडते, अंगावरचे भोवरे न्याहाळते, खूर उचलून पाहते आणि स्वतः मांड टाकून रेवाल चालीची खातरजमा केल्याखेरीज व्यवहाराला रुकार देत नाही. एवढी चिकित्सा करणारा मनुष्य पुढे नुसता फेटा बांधून, किंवा बोडक्या डोक्याने, तोच घोडा भरधाव सोडतो, याचा खेद वाटतो.

खोगिरावरील स्वाराचे मस्तक भूमीपासून सुमारे अडीच मीटर उंच असते आणि तेवढ्या उंचीवरून, घोडा निश्चल उभा असतानाही, ते ताशी २५ किलोमीटर वेगाने आदळते. ऑलिंपिकमध्ये उतरलेली अमेरिकन स्वार कोर्टनी किंग-डाय २०१० मध्ये सराव करताना घोडा अडखळून पडला, तेव्हा शिरस्त्राणावाचून होती. मेंदूस जबर इजा होऊन ती कित्येक दिवस बेशुद्ध राहिली. तेव्हा कौशल्य हे संरक्षण नव्हे.

जळगाव-धुळ्यात मोटारसायकलचे हेल्मेट सहज मिळते, परंतु ते जड असते, कान झाकते आणि मागून येणाऱ्या टापांची चाहूल लागू देत नाही. स्वारीसाठी बनवलेले, आतल्या बाजूस ‘एएसटीएम एफ ११६३’ किंवा ‘ईएन १३८४’ या मानकाचा शिक्का असलेलेच घ्यावे. मापाची फीत भुवयांच्या किंचित वरून, डोक्याच्या मागील फुगीर भागावरून फिरवावी. मग पट्टा न लावता शिरस्त्राण हातांनी हळूच हलवावे: त्याबरोबर कपाळाची कातडी व भुवया हलल्या तर माप बसले, ते नुसतेच घसरले तर मोठे आहे, आणि कपाळावर एकाच जागी कळ आली तर आकार आपल्या डोक्याचा नाही. फेट्यावर चढवलेले शिरस्त्राण घट्ट भासले तरी आघातासरशी सरकते. फेट्याची शोभा मिरवणुकीपुरती ठेवावी.

आतील फोमचा थर स्वतः दबून आघात पचवतो आणि दबलेला पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून एकदा आपटलेले, किंवा ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही असे जुने शिरस्त्राण, वरून कितीही चकचकीत असो, घेऊ नये. उष्णतेनेही हा थर बिघडतो; खानदेशच्या वैशाखात ते उन्हात उभ्या मोटारीत ठेवण्याऐवजी घरात सावलीत टांगावे.