डोळ्यांतली विरळ वस्ती

धायरी फाट्यावर दुचाकी थांबली की डोळ्यात काहीतरी जातंच. पुढच्या डंपरमधली भुकटी, कुणाच्या सायलेन्सरचा धूर, नाहीतर उन्हाळ्यात नुसतीच उडणारी माती. एका हाताने हँडल धरायचं आणि दुसऱ्याच्या मनगटाने डोळा चोळायचा, तोवर मागचे हॉर्न वाजवायला लागतात. धारेश्वराच्या देवळापर्यंत पोचेस्तोवर डोळा आपोआप बरा झालेला असतो. हे ‘आपोआप’ म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला शेजारच्या काकूंमुळे.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या या टोकाला जीबीएसची, म्हणजे गिलन-बारे या नसांच्या आजाराची, साथ आली. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला अशा पट्ट्यात रुग्ण निघाले. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हे जिवाणूचं अवघड नाव भाजीच्या गाडीवरही ऐकू येऊ लागलं. संशय पाण्यावर होता, म्हणून घराघरांत पातेली उकळायला लागली. काकूंनी तर डोळे धुवायलाही उकळून गार केलेलं पाणी घ्यायला सुरुवात केली. म्हणाल्या, “डोळ्यात जंतू गेले तर?”

मी म्हटलं, “काकू, ते आधीपासूनच आहेत.”

“माझ्या डोळ्यांत? मी रोज धुते रे.”

काकूंचा अविश्वास तसा रास्तच. विज्ञानाचीही बराच काळ अशीच पंचाईत झाली होती. निरोगी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून आणि पापणीच्या आतून निर्जंतुक बोळा फिरवायचा आणि तो पोषक द्रव्याच्या बशीत टेकवायचा, ही जुनी रीत. पुष्कळदा बशीत काहीच उगवायचं नाही आणि उगवलंच तर दोन-चार ठिपके. मग ते बोटावरून आले असतील किंवा पापणीच्या केसांवरून पडले असतील, असं म्हणून विषय संपायचा. २००७ साली अमेरिकेत माणसाच्या अंगावरच्या सूक्ष्मजीवांची मोठी मोजणी सुरू झाली. तोंड, नाक, त्वचा, आतडी, सगळं मोजायला घेतलं, पण त्या यादीत डोळा नव्हता.

पुढे जिवाणू वाढवून पाहण्याऐवजी त्यांचा डीएनए वाचायची सोय झाली. जवळपास प्रत्येक जिवाणूत ‘१६ एस’ नावाचं एक जनुक असतं. त्यातल्या अक्षरांचा क्रम वाचला की, आडनावावरून घराणं ओळखावं तसा, जिवाणूचा वंश कळतो. मग डोळ्यावरही नावं सापडली: कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकॉकसचे सौम्य भाऊबंद, मुरुमांमुळे बदनाम झालेला क्युटिबॅक्टेरियम. बहुतेक त्वचेवरचेच ओळखीचे चेहरे. पण संख्या? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत चेहऱ्याच्या त्वचेवर माणसाच्या एका पेशीमागे दहाहून अधिक जिवाणू निघाले, डोळ्याच्या नेत्रश्लेष्मलेवर, म्हणजे पांढऱ्या भागावरच्या आणि पापणीआतल्या पातळ अस्तरावर, मात्र वीस पेशींमागे जेमतेम एक. इतक्या विरळ वस्तीची मोजणी करताना तपासणीच्या रसायनांतच चुकून राहिलेला डीएनएसुद्धा खऱ्या रहिवाशांपेक्षा जास्त भरू शकतो. म्हणून यातले जबाबदार अभ्यासक डोळ्याला न लावलेला कोरा बोळाही सोबत तपासतात. डोळ्यावर पन्नास जातींचे जिवाणू सापडल्याची बातमी वाचली, तर त्या कोऱ्या बोळ्यात काय निघालं हे आधी विचारावं.

वस्ती एवढी विरळ राहण्याचं कारण अश्रू. रडताना येतात ते नव्हेत, सदैव डोळ्यावर पसरलेले. एका डोळ्यात एका वेळी साधारण सात मायक्रोलिटर पाणी असतं. औषधाच्या बाटलीतून पडणारा एक थेंब याच्या पाच-सहा पट मोठा असतो, म्हणून तर निम्मं औषध गालावरून ओघळतं. मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटते आणि हे पाणी नाकाकडच्या बारीक नळीत ढकलते. जो जिवाणू घट्ट धरून बसू शकत नाही तो घशात वाहून जातो.

शिवाय त्या पाण्यात विष आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग पेनिसिलिनमुळे सर्वांना माहीत आहेत, पण त्याच्या सात वर्षं आधी, १९२१ च्या अखेरीस, सर्दी झालेली असताना त्यांनी स्वतःच्या नाकातला शेंबूड बशीतल्या पिवळ्या जिवाणूंवर टाकून पाहिला. जिवाणू विरघळले. तोच पदार्थ अश्रूंत भरपूर आहे हे कळल्यावर लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिंबाची सालं डोळ्यांत पिळून सहकाऱ्यांना रडवण्याचा उद्योग सुरू झाला. कांदा चिरून भागलं असतं असं आपल्याकडची कुठलीही गृहिणी सांगेल! त्या पदार्थाला लायसोझाइम म्हणतात. ते जिवाणूच्या भिंतीचे सांधे तोडतं. जोडीला लॅक्टोफेरिन जिवाणूंना लागणारं लोह पळवतं आणि प्रतिपिंडं त्यांना चिकटू देत नाहीत. रात्री पापण्या मिटल्या की वाहतं पाणी जवळपास थांबतं, जिवाणू थोडे वाढतात. मग शरीर पांढऱ्या पेशींची गस्त डोळ्यात पाठवतं. सकाळच्या चिपडात या गस्तीचे अवशेषही असतात.

इथे थोडं आभाळात जायला हवं. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक मोठा फुगा सोडण्यात आला. वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा त्याने निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. वर जीव आहेत का, हा प्रश्न होता आणि मोहिमेच्या अग्रभागी होते आपले जयंत नारळीकर. नमुने दोन ठिकाणी तपासले गेले: हैदराबादच्या सीसीएमबीत एस. शिवाजी यांनी आणि पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसमध्ये योगेश शौचे यांनी. ओळख पटवायची पद्धत तीच, १६ एस. तीन नव्या जातींची घोषणा २००९ साली झाली. हेच शिवाजी पुढे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत गेले आणि भारतीय डोळ्यांवरचे जिवाणू-बुरशी मोजू लागले. मला यात गंमत वाटते. चाळीस किलोमीटरवरची हवा आणि काकूंचा डोळा, दोन्हीकडे अडचण एकच: जीव इतके थोडे की ते तिथलेच की आपल्याच हातून लागलेले, हे आधी सिद्ध करावं लागतं. नेत्रसंस्थेच्या कामात निरोगी डोळ्यांशेजारी बुबुळाला बुरशी लागलेले डोळेही तपासले गेले. आपल्याकडे उसाचं पातं किंवा कणसाचं कूस डोळ्याला लागून बुबुळावर फूल पडलेले शेतकरी गावोगाव भेटतात. आजारी डोळ्यांवर रहिवाशांची घडी विस्कटलेली दिसली.

पण हे रहिवासी काही उपयोगाचे आहेत का? याचं सर्वांत स्पष्ट उत्तर उंदरांनी दिलं. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये अँथनी सेंट लेजर आणि रेचल कॅस्पी यांना उंदरांच्या डोळ्यावर कायम मुक्काम करणारा एक कोरिनेबॅक्टेरियम सापडला. त्याच्या नुसत्या असण्याने डोळ्यातल्या काही रोगप्रतिकारक पेशी जाग्या राहतात आणि अश्रूंत जंतुनाशक द्रव्यं सोडायला लावतात. हा जिवाणू असलेले उंदीर कँडिडा बुरशी आणि सुडोमोनास जिवाणू या दोघांनाही चांगलं तोंड देत, नसलेले हरत. हा शोध २०१७ चा. माणसात हेच घडतं असं त्यावरून म्हणता येत नाही, तरी दुकानातून परस्पर अँटिबायोटिक थेंब आणणाऱ्यांनी तो ऐकावा. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून डोळे येण्याची साथ पसरली तेव्हा घरोघरी अशा बाटल्या आल्या होत्या. ती साथ विषाणूंची. विषाणूंवर अँटिबायोटिकचा काहीच परिणाम होत नाही. मरतात ते बिचारे रहिवासी.

त्यांना बिचारे म्हणतानाही हात आखडता घ्यावा लागतो. यंदा काकूंचा मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेआधी डोळ्यात तपकिरी थेंब पडले, पोविडोन आयोडीनचे. एरवी निरुपद्रवी असलेला स्टॅफिलोकॉकस छेदातून डोळ्याच्या आत गेला, तर तिथे ना पापणी पोचते, ना अश्रू. दृष्टी जाऊ शकते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात आतून पू झालेल्या १७ पैकी १४ रुग्णांत आतला जिवाणू त्यांच्याच पापणीवरच्या, डोळ्यावरच्या किंवा नाकातल्या जिवाणूशी तंतोतंत जुळला. परक्याकडून नव्हे, घरातूनच. म्हणून ते तपकिरी थेंब आणि नंतर डॉक्टरांनी लिहून दिलेले अँटिबायोटिकही नेमाने घालायचे. काकूंनी ते घड्याळ लावून घातले.

महिन्याभराने हिरवी पट्टी आणि काळा चष्मा दोन्ही गेलं. काकू गॅलरीत उभ्या राहून खालची रहदारी बघत होत्या. “ते गेले का रे सगळे? माझ्या डोळ्यातले?”

“गेले होते. पापणीच्या कडेवरून हळूहळू परत येतात.”

“खायला धड नाही, पाण्यात विष, मिनिटाला पंधरा वेळा झाडू,” काकू म्हणाल्या, “आणि परत राहायला इथेच!” मग खाली फाट्याकडे लागलेल्या रांगेकडे बघून त्या स्वतःशीच हसल्या.