बालविकास प्रकल्प अधिकारी : जबाबदारी आणि समन्वय

अंगणवाड्यांना धान्य वेळेवर पोहोचले, नोंदवह्या भरल्या गेल्या आणि अहवाल जिल्ह्याला रवाना झाले, म्हणजे प्रकल्पाचे काम पार पडले, असे वरकरणी वाटते. तथापि ज्या बालकासाठी ही यंत्रणा उभी आहे, त्याचे वजन वाढले किंवा नाही, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यावर असते.

एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत झाला. सहा वर्षांखालील बालके, गर्भवती स्त्रिया व स्तनदा माता यांच्यासाठी पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शालापूर्व शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण या सहा सेवा एकत्रित उपलब्ध व्हाव्यात, हे योजनेचे सूत्र आहे. अंगणवाडी सेविका व मदतनीस, त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या पर्यवेक्षिका आणि त्यांच्यावर प्रकल्प अधिकारी, अशी तिची रचना आहे.

या सहांपैकी लसीकरण, आरोग्य तपासणी व संदर्भ सेवा आरोग्य विभागामार्फत दिल्या जातात. वैद्यकीय अधिकारी वा आरोग्यसेविका प्रकल्प अधिकाऱ्याच्या हाताखाली नसतात. जबाबदारी पूर्ण, परंतु अधिकार अर्धा, अशी या पदाची स्थिती आहे. म्हणूनच आदेश देण्यापेक्षा समन्वय साधणे हे त्याचे मुख्य कर्तव्य ठरते.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजले जाते. सेविकेने अचूक मोजमाप घ्यावयाचे, पर्यवेक्षिकेने ते पडताळावयाचे, वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासणी करावयाची आणि गुंतागुंत आढळल्यास बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावयाचे. परंतु तेथे राहिल्यास आईची मजुरी बुडते, घरी दुसरे मूल असते. ही अडचण आधीच ओळखून तिची सोय लावली नाही, तर इतर सर्वांचे श्रम व्यर्थ जातात आणि प्रसंगी बालकाच्या जिवावर बेतते.

अधिकाऱ्याच्या भेटीचा हेतूही येथेच स्पष्ट होतो. नोंदवही पाहून परतण्याऐवजी दोन-चार बालकांचे वजन समक्ष करून घेणे अधिक उपयुक्त होय. कमी वजनाची प्रामाणिक नोंद करणाऱ्या सेविकेलाच दोष दिला गेला, तर पुढील महिन्यात वजने केवळ कागदावर वाढतात. आता नोंदी भ्रमणध्वनीवरील ‘पोषण ट्रॅकर’मध्ये होतात, परंतु चुकीचे वजन तेथेही चुकीचेच उमटते.

या कामी पंचायत सदस्य व शिक्षक यांचे साहाय्य मोलाचे आहे. अंगणवाडीला पाणी, सुरक्षित छप्पर व नीट चालणारा वजनकाटा आहे काय, हे सदस्यांना सहज पाहता येते. आजच्या अंगणवाडीतील बालक उद्या शिक्षकांच्याच वर्गात बसणार आहे. गावाने ही विचारणा नियमितपणे केली, तर प्रकल्प अधिकाऱ्याच्या अपुऱ्या अधिकाराला लोकांचे बळ लाभेल.