दाढदुखी आणि तुटपुंजी मिळकत

दाढ दुखू लागली की एखादी गोळी घेऊन दिवस ढकलायचा, ही आपल्या बहुतेक घरांतील रीत आहे. यामागे भीती थोडी आणि खर्चाची चिंता अधिक असते. मुलांची फी, घराचा हप्ता, म्हाताऱ्यांची औषधे या रांगेत दाढेचा क्रमांक नेहमीच शेवटचा. ज्यांनी आरोग्य विमा उतरविला आहे त्यांनाही येथे फारसा आधार नाही. अपघातात जबड्याला इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर गोष्ट वेगळी. एरवी कीड भरणे, रूट कॅनल, कवळी हे खर्च आपल्याकडील बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भरही मुख्यतः रुग्णालयात दाखल करून करावयाच्या उपचारांवर आहे. तेव्हा दातांच्या बाबतीत विमाधारक आणि विमा नसलेला हे दोघे जवळजवळ एकाच बाकावर बसलेले असतात.

म्हणूनच दाताचा खर्च कसा वाढत जातो हे समजून घेणे अगत्याचे आहे. दाताच्या सर्वांत बाहेरच्या कठीण थराला संवेदना नसते. कीड तेथे असते तोवर काहीही दुखत नाही, आणि नेमक्या त्याच काळात ती एका बैठकीत, थोडक्या पैशांत भरता येते. थंड पाणी झोंबू लागले म्हणजे कीड आतल्या थरात उतरली. रात्री झोप उडविणारा ठणका सुरू झाला म्हणजे ती बहुधा नसेपर्यंत पोहोचली. आता रूट कॅनल, त्यावर कॅप आणि अनेक फेऱ्या. खर्च कितीतरी पटींनी वाढलेला. पुष्कळदा हा ठणका काही दिवसांनी आपोआप थांबतो आणि माणूस सुटकेचा नि:श्वास टाकतो. वास्तविक तेव्हा नस मेलेली असू शकते आणि जंतुसंसर्ग मुळाखालच्या हाडाकडे सरकू लागलेला असतो.

मग कमी पैशांत जावे कोठे? पहिले ठिकाण म्हणजे आपले ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून नि:शुल्क करण्यात आले. दंतवैद्य कोणत्या वारी बसतात याची चौकशी मात्र आधी करावी. दात काढणे, कीड भरणे, दात स्वच्छ करणे अशी कामे तेथे होऊ शकतात; कॅप किंवा कवळीची सोय सर्वत्र नसते.

दुसरे ठिकाण दंत महाविद्यालयाचे, आणि आमच्या मते आपले लोक त्याचा पुरेसा लाभ घेत नाहीत. मुंबई सेंट्रल स्थानकाजवळ महानगरपालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे. वसई-विरारकरांना ते एका लोकलच्या अंतरावर पडते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, शासकीय दंत महाविद्यालय आहे. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. पुणे, नाशिक, नवी मुंबई येथील खासगी महाविद्यालयांतही शुल्क सामान्यतः दवाखान्यांपेक्षा कमी असते. येथे विद्यार्थी काम करतात आणि शिक्षक ते तपासतात. ‘विद्यार्थ्याच्या हाती दाढ कशी द्यायची?’ हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. विद्यार्थ्याचा हात सावकाश चालतो हे खरे, परंतु त्याच्या कामावर दुसऱ्या जाणत्याची नजर असते. शिवाय रुग्ण आल्याशिवाय विद्यार्थ्याचे शिक्षण पुरे होत नाही. त्यामुळे आपण तेथे कोणाची दया मागावयास जात नाही. किंमत मोजावी लागते ती वेळेची. केसपेपरसाठी सकाळी लवकर रांगेत उभे राहावे लागते, एका कामासाठी तीन-चार फेऱ्या होतात, आणि रोजंदारीवरील माणसाचा तितका रोज बुडतो. हा हिशेब आधीच मांडून निघावे. सोबत ओळखपत्र, जुना एक्स-रे आणि चालू औषधांची यादी असावी. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी असल्यास ते न विचारता सांगावे.

उपचारांची यादी लांब आणि खिसा लहान असेल तर दंतवैद्यांना स्पष्ट विचारावे: आज काय करणे भाग आहे, आणि काय सहा महिने थांबले तर चालेल? सूज व ठणका असलेला दात प्रथम, वाढत्या किडी त्यानंतर, रिकाम्या जागेचा दात शेवटी, असा क्रम बहुधा लागतो. रूट कॅनल झालेली दाढ कॅपविना ठेवली तर ती तडकण्याचा धोका असतो. म्हणून दोहोंचा खर्च एकत्र विचारावा. तो मुळीच पेलवणार नसेल तर दाढ काढणे हाही मार्ग आहे, आणि त्यात लाज नाही. मात्र अक्कलदाढ काढणे वेगळे आणि चावण्याची मुख्य दाढ गमावणे वेगळे.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पालकांच्या हमखास नजरेतून सुटते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून घरची मंडळी तिलाही दुधाचीच समजतात आणि ‘पडेल आपोआप’ म्हणून कीड तशीच राहू देतात. ती दाढ कायमची असते. तिच्या खोल खाचा वेळीच बुजवून घेता येतात. लहान मुलाच्या किडीवर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब लावून ती थोपविता येते. डाग काळा पडतो, पण सुई वा ड्रिल लागत नाही. हे औषध २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. घरी तर फ्लोराइडयुक्त साधी टूथपेस्ट पुरे. महागडीची आवश्यकता नाही. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नये, आणि नंतर फेस थुंकावा, भरपूर पाण्याने चूळ भरू नये.

स्वस्त म्हणून महाग पडणारे उपायही आहेत. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली अँटिबायोटिक कीड बरी करीत नाही. हिरडीवर ठेवलेली ॲस्पिरिनची गोळी हिरडी भाजते. लवंगेचे तेल घटकाभर आराम देते, इतकेच. रस्त्याकडेला दात बसवून देणारे शेजारच्या धडधाकट दातांना सिमेंट चिकटवितात आणि पुढे तेही दात जातात. दंतवैद्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते, ती विचारण्यास संकोच करू नये. गालावर किंवा जबड्याखाली सूज पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडण्यास वा गिळण्यास त्रास होत असेल, तर पैशांचा विचार न करता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

आणि मशेरी. दात स्वच्छ होतात या समजुतीने आपल्याकडील कित्येक स्त्रिया ती आजही लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. मशेरी, तंबाखू वा गुटखा घेणाऱ्याच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर दुखत नसली तरी ती दंतवैद्याला दाखवावी.