निवटी टाकीत उपाशी का राहते?

दिवाळे, वाशी, ऐरोली भागातल्या बाजारात निवट्या बहुतेक वेळा जिवंत मिळतात. पाटीत ओल्या चिखलासकट वळवळणाऱ्या, डोक्याच्या माथ्यावर बटणासारखे डोळे असलेल्या या वीतभर माशांकडे मुले खिळून पाहत राहतात. त्यातूनच एखाद्या घरी हट्ट होतो आणि कालवणासाठी घेतलेल्या निवट्यांपैकी दोन काचेच्या टाकीत जाऊन पडतात. टाकीत रंगीत खडे असतात, हवेचे बुडबुडे असतात आणि वर तरंगणारे गोळीखाद्य असते. निवटी त्या गोळ्यांकडे ढुंकून पाहत नाही. ती कोपऱ्यातल्या दगडावर चढून बसते, दिवसेंदिवस तिचे पोट आत जाते आणि काही आठवड्यांत ती मरते. ‘खाडीचा मासा, नळाचे पाणी मानवले नाही’ असा निष्कर्ष घरातले काढतात. पाण्याचा दोष असतोच, पण पाणी सुधारले तरी गोष्ट बहुधा तिथेच संपते. कारण त्या टाकीत निवटीला खायला काहीच नसते.

निवटी हा तळाचा मासा आहे. गोबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पाण्याच्या तळाशी राहणाऱ्या लहान माशांच्या गोतावळ्यातला. फरक इतकाच की हिचा तळ दिवसातून दोनदा उघडा पडतो. ओहोटीला पाणी मागे सरते आणि खाडीचा चिखल उन्हात येतो, तेव्हा इतर मासे पाण्याबरोबर निघून जातात आणि निवटी बिळातून बाहेर पडून कामाला लागते. पुढच्या दोन परांचा कुबड्यांसारखा आधार घेत ती चिखलावर सरकते. कल्ल्यांच्या पोकळीत ती पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतूनही प्राणवायू घेते. अधूनमधून डबक्यात लोळून अंग भिजवणे हा तिच्या श्वासाचाच भाग आहे. आपल्याकडच्या निवटीचे शास्त्रीय नाव बोलिओफ्थाल्मस डसुमिएरी. फ्रेंच अभ्यासक वालांसिएन यांनी १८३७ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. नावाच्या पहिल्या भागाचा अर्थ ‘बाहेर फेकलेले डोळे’ असा आहे. निवटी एकदा पाहिलेल्या कोणालाही तो पटेल.

शोभेच्या माशांच्या दुकानात ‘मडस्किपर’ म्हणून जे विकले जाते ते बहुधा निवटीचे चुलत भावंड असते, पेरिऑफ्थाल्मस या गटातले. आकाराने लहान आणि स्वभावाने शिकारी. कांदळवनाच्या मुळांवर बसून ते किडे, बारीक खेकडे आणि अळ्या टिपतात. जिभेशिवाय हा मासा जमिनीवर घास कसा उचलतो, या प्रश्नाचे उत्तर बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दिले. आफ्रिकेतल्या एका जातीचे वेगवान चित्रण केल्यावर दिसले, की मासा तोंडात पाणी भरून येतो, भक्ष्याजवळ पोहोचताच ते पाणी ओठांपुढे थोडे बाहेर काढतो आणि भक्ष्यासकट क्षणात परत ओढून घेतो. म्हणजे पाण्याचीच जीभ. संशोधकांनी ते पाणी शोषून घेणारा पृष्ठभाग खाली ठेवला तेव्हा माशाला घास गिळण्यासाठी पाण्यात परतावे लागले.

या भावंडाला पाळणे जमण्यासारखे आहे. त्याला बारीक चिरलेली कोळंबी, ताजी करंदी, दुकानात मिळणाऱ्या गोठवलेल्या लाल अळ्या किंवा आर्टेमिया चालतात. मात्र घास पाण्यात न टाकता टाकीतल्या ओल्या उतारावर ठेवायचा आणि लागूनच उथळ पाणी हवे, म्हणजे त्याची ‘जीभ’ भरलेली राहते. एका वेळी थोडेच द्यावे. उरलेले मांस तासाभरात काढून टाकावे, कारण उथळ पाण्यात ते लगेच सडते आणि अमोनिया वाढतो. पाणी निमखारे लागते आणि त्यासाठी सागरी टाक्यांकरिता मिळणारे मीठ वापरावे. स्वयंपाकघरातल्या मिठाने काम भागत नाही. टाकीवर झाकण असावे, ते मासा उडी मारेल म्हणून आणि आतली हवा दमट राहावी म्हणूनही. कोरड्या वातानुकूलित खोलीत उघड्या टाकीत ठेवलेल्या माशाची कातडी सुकते, म्हणजे त्याचा श्वासच कोंडतो.

हाच पाहुणचार निवटीला केला तर मात्र ती उपाशी राहते. ती शिकारी नाही, चरणारी आहे. खाडीच्या चिखलात चरते काय, हे समजायला ओहोटीनंतर तासाभराने चिखलाकडे नीट पाहावे लागते. नुकताच उघडा पडलेला चिखल करडा दिसतो. ऊन पडले की त्यावर हळूहळू सोनेरी-तपकिरी झाक चढते. ही झाक म्हणजे डायटम नावाच्या एकपेशीय शैवालाचा थर. प्रत्येक डायटम सिलिकाच्या, म्हणजे काचेच्याच जातीच्या, दोन भागांच्या कवचात राहते. कुंकवाच्या करंड्यासारखी एक डबी आणि तिच्यावर बसणारे झाकण. डोळ्यांना न दिसणारे हे जीव लहान म्हणून किरकोळ नाहीत. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा डायटमांचा आहे.

चिखलातल्या डायटमांना वेळेचे भानही असते. पाणी ओसरले की त्या चिकट स्राव सोडत कणाकणांतून वर सरकतात, उन्हात अन्न तयार करतात आणि भरती यायच्या आधी पुन्हा खाली जातात, नाहीतर लाटेबरोबर वाहून जातील. चिखलाचा गोळा प्रयोगशाळेत आणून भरती-ओहोटीपासून तोडला तरी काही जाती पुढचे काही दिवस तेच वेळापत्रक पाळतात. त्यानंतर ताल बिघडतो. निवटीचे जेवण असे ओहोटीच्या उन्हात वाढले जाते आणि भरतीआधी उचलले जाते.

जेवायची तिची रीतही त्याला साजेशी आहे. ती तोंड चिखलाला टेकवते आणि डोके डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे झुलवत पुढे जाते. केर काढताना हात फिरावा तसे. तिच्या खालच्या जबड्याचे दात उभे नसून जवळपास आडवे असतात. उलथन्याने तव्यावरची खरवड काढावी तसा वरचा पातळ थर त्यांनी उचलला जातो. तोंडात धरलेल्या पाण्यात तो घोळला जातो, घशातल्या दातांशी चाळला जातो, खाण्याजोगे आत जाते आणि बरीचशी माती बाहेर टाकली जाते. मग तोंड धुवायला आणि पाणी भरायला डबक्याकडे एक फेरी. ‘निवटी चिखल खाते’ असे म्हटले जाते ते तिच्यावर अन्यायच करणारे आहे. ती चिखलावरची साय खाते.

सायीसाठी ती जमीनही राखते. कुवेतच्या किनाऱ्यावरच्या निवट्यांचा अभ्यास करून प्राणिशास्त्रज्ञ क्लेटन यांनी १९८७ मध्ये त्यांच्या बांधांविषयी लिहिले. दाटीवाटीने राहणाऱ्या निवट्या तोंडात चिखल आणून आपापल्या हद्दीभोवती बुटक्या भिंती उभारतात. वरून पाहिले तर वाफे पाडलेले शेत दिसावे. भिंतींमुळे शेजाऱ्यांची भांडणे कमी होतात आणि ओहोटीतही वाफ्यात थोडे पाणी साचून राहते. एका माशाला जगायला किती चिखल लागतो, याचा अंदाज या वाफ्यांवरून येतो. टाकीचा दोन फुटी तळ त्यापुढे फार अपुरा पडतो.

तरीही टाकीत निवटी जगवायचीच असेल तर काय करावे लागेल? गोळीखाद्य निरुपयोगी, कारण ती दाणा टिपत नाही. काही हौशी लोक स्पिरुलिनाची पूड ओल्या चिखलावर पसरून पाहतात आणि एखादी निवटी ती चाटतेही. पण भरवशाचा मार्ग एकच, चिखलाची शेती. उथळ ताटांत खाडीचा स्वच्छ चिखल आणि निमखारे पाणी घेऊन ती भर उन्हात किंवा तीव्र दिव्याखाली ठेवायची, तपकिरी थर धरला की एक ताट टाकीत, चाटून झाले की ते पुन्हा उन्हात आणि त्याच्या जागी दुसरे. हे रोज आणि वर्षभर. शिवाय बीळ करायला हातभर खोल गाळ, आणि दिवसाकाठी पाणी चढवून उतरवण्याची सोय. एखाद्या संशोधन संस्थेने हे करावे. फ्लॅटच्या बाल्कनीत ते होणार नाही आणि न होणाऱ्या गोष्टीची किंमत मासा भुकेने मोजतो. घरात मडस्किपर हवाच असेल तर शिकारी जातीचा, तोही कुठून आणला आहे हे विचारून घ्यावा.

आणि नवी मुंबईत राहणाऱ्याला निवटीसाठी टाकीची गरजच काय? ठाणे खाडीचा पश्चिमेकडचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याची नोंद रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत झाली. ती झाली मुख्यतः गुलाबी पक्ष्यांमुळे. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत हजारोंनी उतरणारे लहान रोहित चोच उलटी करून जे गाळतात त्यात नीलहरित शैवालाबरोबर डायटमही असतात. म्हणजे पक्षी आणि मासा एकाच ताटात जेवतात. पक्ष्याचे फोटो निघतात, माशाचे कालवण होते, एवढाच फरक. अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव उचलून नेणे हा गुन्हा आहे, हेही हौशी मंडळींनी लक्षात ठेवलेले बरे.

त्या ताटात आणखी काय वाढले जाते, हा प्रश्न आरोग्याचा आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा गेल्या शतकाच्या साठच्या दशकापासून खाडीच्या काठाने वाढला. कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी याच गाळात येत राहिले. जड धातू पाण्यात फार काळ तरंगत नाहीत, ते बारीक गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतात. निवटी नेमका तोच वरचा थर रोज चाटते आणि आयुष्यभर साधारण त्याच जागी राहते. त्यामुळे गाळात काय आहे याची साक्ष तिच्या यकृतात आणि स्नायूंत सापडते. इराणच्या आखाती किनाऱ्यावर तेलजन्य प्रदूषण मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी याच जातीचा उपयोग केला आहे.

खाणाऱ्यांनी यातून घाबरून निवटी सोडावी असे नाही. बिळात खांद्यापर्यंत हात घालून ती पकडण्याचे कसब कोळीवाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे आणि तिची चव जाणणारे तिच्यासाठी चांगले पैसे मोजतात. पण काही गोष्टी माहीत असाव्यात. आतडी काढून मासा नीट धुतला तर पोटातला गाळ जातो. मांसात मुरलेला धातू मात्र धुऊन जात नाही आणि शिजवूनही कमी होत नाही. म्हणून मासे कुठल्या पाण्यातले आहेत हे कोळणीला विचारावे. नाल्याच्या मुखाजवळची निवटी टाळलेली बरी. पाऱ्याच्या बाबतीत सर्वाधिक जपायला हवे ते गर्भवतींनी आणि लहान मुलांनी. त्यांच्या ताटात रोज एकाच खाडीतला एकच मासा असू नये.

थर टिकण्यासाठी ऊन आणि पाण्याची ये-जा, दोन्ही लागतात. रस्त्याच्या भरावाने किंवा बुजलेल्या मोरीने एखाद्या पाणथळीची भरती अडली की चिखल आधी भेगाळतो किंवा पाणी कुजून त्यावर दाट हिरवे शेवाळ चढते. खाडीत पाणी दिसते म्हणून सगळे ठीक आहे, असे समजणाऱ्यांना हा बदल दिसत नाही. निवटीची बिळे मात्र रिकामी होतात.

निवटी जेवताना पाहायची तर पंचांग उपयोगी पडते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती मुंबईत साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते, तेव्हा भर उन्हात चिखल पाण्याखाली असतो. पुढे रोज ती सुमारे पाऊण तास उशिरा येत जाते. भांगाच्या दिवसांत, षष्ठी ते अष्टमीच्या सुमारास, ओहोटी उशिरा सकाळी ते मध्यान्हीच्या आगेमागे येते आणि ऊन व उघडा चिखल एकत्र मिळतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून कांदळवनाच्या कडेने जाता येते. सोबत दुर्बीण असावी. पाऊल वाजले की सगळ्या निवट्या बिळांत नाहीशा होतात. दहा मिनिटे हलू नये. आधी एक डोळा वर येतो, मग दुसरा, मग आख्खी निवटी बाहेर येऊन डोके झुलवू लागते. तिच्या मागे चिखलावर अर्धवर्तुळांच्या ओळी उमटत जातात, सोनेरी थरात करड्या. संध्याकाळच्या भरतीपर्यंत त्या तशाच राहतात.