ऊन, ‘ड’ जीवनसत्त्व आणि न्युमोनिया

मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर, डोंगराच्या कुशीत असलेल्या आपल्या काशीमीऱ्यास उन्हाची वाण कधीच नव्हती. तथापि ज्याच्या घरावर ऊन पडते त्याच्या अंगावरही ते पडतेच, असे नाही. ह्या भेदाचा लहान मुलांच्या न्युमोनियाशी कितपत संबंध पोहोचतो, ते येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

‘ड’ जीवनसत्त्व शरीरास मुख्यत्वेकरून उन्हापासून लाभते. सूर्याचे अतिनील किरण त्वचेवर पडले म्हणजे तेथील एका द्रव्यापासून ते तयार होते, आणि पुढे यकृत व मूत्रपिंड त्यास उपयोगी रूप देतात. ह्या कामास लागणारे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. तेव्हा बंद काचेआड बसून अंग शेकले तरी ऊब मिळेल, जीवनसत्त्व नव्हे. अन्नातून ते थोडेच मिळते. अंड्याचा बलक, बांगडा-तारलीसारखे तेलकट मासे, आणि ज्याच्या नुसत्या वासाने मुले पळ काढीत ते कॉड माशाचे तेल, एवढीच त्याची ठळक नावे.

ह्याविषयीचा एक महत्त्वाचा शोध आपल्याच नाशिक शहरी लागला, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. हचिसन व शाह ह्या डॉक्टरांनी तेथील मुडदूस झालेल्या मुलांची पाहणी करून १९२२ साली ती प्रसिद्ध केली. सुखवस्तू परंतु पडदा पाळणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांत त्यांस मुडदूस आढळला. उलट, ज्यांची आई मजुरीस बाहेर पडे व मुलास संगे नेई, त्या गरीब घरांत आहार निकृष्ट असूनही तो आढळला नाही. श्रीमंतीने जे दिले नाही, ते उन्हाने दिले!

मुडदूस हा हाडांचा रोग. मग फुफ्फुसांचा येथे काय संबंध? रोगजंतूंचा फडशा पाडणाऱ्या आपल्या शरीरातील पेशीही हे जीवनसत्त्व वापरतात व त्याच्या साह्याने जंतुनाशक द्रव्य निर्माण करितात, असे अलीकडे दिसून आले आहे. शिवाय मुडदुसाने बरगड्या मऊ पडल्या, म्हणजे श्वासाचे बळही घटते. इथिओपियातील एका पाहणीत (१९९७) न्युमोनिया झालेल्या ५०० मुलांपैकी २१० मुलांस मुडदूस होता. न्युमोनिया नसलेल्या तितक्याच मुलांत तो अवघ्या २० जणांस. पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथे पाच वर्षांखालील १५० मुलांची पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील ८० मुलांस फुफ्फुसांचा तीव्र विकार होता, ७० निरोगी होती. मुडदुसाचे उघड चिन्ह कोणातही नव्हते. तरीही ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व बऱ्यापैकी होते, त्यांच्यात तीव्र विकार पुष्कळच कमी आढळला. पहिले चार महिने केवळ अंगावर पाजलेल्या मुलांतही तो कमी होता.

परंतु दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारणच ठरते, असे नव्हे. जी मुले अशक्त, ती घरातच राहतात. आणि दाहामुळेही रक्तातील हे प्रमाण उतरते. काबूल येथे तीन हजारांहून अधिक तान्ह्या मुलांवर प्रयोग झाला (२०१२). दर तीन महिन्यांनी, दीड वर्षपर्यंत, निम्म्यांस ‘ड’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिली; पण पहिल्या न्युमोनियाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. म्हणून आमच्या मते हे जीवनसत्त्व न्युमोनियावरील औषध समजू नये. ते वाटेल तितके घेणेही बरे नव्हे. अतिरेकाने रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होते. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

पालकांनी मात्र श्वासाकडे लक्ष ठेवावे. खोकला वा सर्दी झालेल्या मुलाचे श्वास मिनिटाला दोन महिन्यांपर्यंत ६०, वर्षापर्यंत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा त्याहून अधिक भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला गेला, तर उन्हाची वा गोळीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास मूल शांत असता, पूर्ण एक मिनिट मोजावेत. रडत असता मोजलेली संख्या फसवी ठरते.