अर्ध्या तिकिटाचा गुंता
लेखमाला : सॉफ्टवेअरची घडण – लेखांक ९

कोडची गुंतागुंत त्याच्या लांबीवर अवलंबून नसते. एकामागून एक सरळ चालणाऱ्या दोनशे ओळी न अडखळता वाचता येतात. पण वीसच ओळींत सहा-सात ‘जर–नाहीतर’ एकमेकांत अडकले असतील, तर आपण कोणत्या अटीच्या पोटात आहोत, हे वाचणाऱ्याला सतत ध्यानात ठेवावे लागते. म्हणून मोजायची ती वळणे. टॉमस मॅकेब यांनी १९७६ साली त्यासाठी सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी हे माप मांडले. फंक्शनमधले ‘इफ’, लूप असे सगळे निर्णय मोजायचे आणि त्यांत एक मिळवायचा. येणारा आकडा म्हणजे फंक्शनमधल्या परस्परस्वतंत्र वाटांची संख्या. तो १० च्या वर जाऊ देऊ नये, असे मॅकेब यांनी सुचवले.

एसटीच्या सवलतींवरून हे नीट कळते. मलकापूर आगाराची गाडी आंबा घाटाच्या दिशेने निघाली आहे आणि वाहकाच्या हातातल्या यंत्राला प्रवाशाचे भाडे ठरवायचे आहे, असे धरू. विद्यार्थी, दिव्यांग आदींच्या सवलती येथे बाजूला ठेवल्या आहेत आणि कोड केवळ नमुन्याचा आहे. वयाचे नियम असे : ५ वर्षांखाली मोफत, १२ पर्यंत अर्धे, ६५ पर्यंत पूर्ण, ७५ पर्यंत अर्धे आणि ७५ पूर्ण झाल्यावर मोफत. यांतली शेवटची सवलत २६ ऑगस्ट २०२२ पासूनची. या शिडीत चार निर्णय आहेत, म्हणून आकडा ५.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्यात अर्धे तिकीट सुरू झाले. घाईत बदल करणारा प्रोग्रामर सर्वांत वर ‘महिला आहे का?’ असा प्रश्न घालतो, खाली वयाच्या शिडीची नक्कल करतो आणि नकलेतून नको त्या पायऱ्या काढतो. आता महिलांच्या फांदीत दोन निर्णय, पुरुषांच्या फांदीत चार आणि वरचा एक. म्हणजे आकडा ८. मर्यादेच्या आतच, तरीही ७५ ची अट दोन ठिकाणी लिहिली गेली. उद्या ती ७० केली आणि एका ठिकाणी बदल राहून गेला, तर शेजारी बसलेल्या सत्तरीच्या जोडप्यात आजोबा मोफत आणि आजींना अर्धे तिकीट!

हाच नियम उतरत्या क्रमाने लिहिता येतो, म्हणजे मोठी सवलत आधी आणि उत्तर मिळताच फंक्शनबाहेर :

वय ५ पेक्षा कमी – मोफत
वय ७५ किंवा अधिक – मोफत
वय १२ पेक्षा कमी – अर्धे
वय ६५ किंवा अधिक – अर्धे
महिला – अर्धे
बाकी सर्व – पूर्ण

पाच निर्णय, आकडा ६. प्रत्येक अट एकदाच येते आणि वाचताना मागचे काही डोक्यात धरून ठेवावे लागत नाही.

८ वरून ६ हा फरक किरकोळ दिसतो, कारण मॅकेब यांचे माप अटी मोजते, त्यांचे एकमेकींत शिरणे मोजत नाही. ही उणीव सुमारे चाळीस वर्षांनी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी या मापाने भरून काढली. सोनारसोर्स कंपनीतील जी. अॅन कॅम्पबेल यांनी ते मांडले. त्यात आतल्या ‘इफ’ला प्रत्येक थरामागे एक जादा गुण पडतो आणि ‘एल्स’चाही एक गुण धरला जातो. या हिशेबाने दोन फांद्यांच्या कोडचे १२ गुण होतात, उतरत्या यादीचे ५.

दोन्ही मापांना मर्यादा आहेत. ‘वय’ या नावाऐवजी ‘क्ष’ लिहिले तरी आकडा हलत नाही. एका फंक्शनचे चार तुकडे केले की प्रत्येकाचा आकडा उतरतो, पण वाचणाऱ्याला चार ठिकाणी फिरावे लागते. ‘प्रवास मोफत आहे का?’ असा एकच प्रश्न एखादा तुकडा पुरता सोडवत असेल, तरच तो वेगळा काढण्यात अर्थ असतो. शिवाय काही गुंता मूळ विषयाचाच असतो. फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ साली विषयातला अटळ गुंता आणि मांडणीतून आलेला गुंता असा भेद केला. वयाच्या चार सीमा आणि महिलांची सवलत सरकारी नियमातच आहे. नक्कल केलेली शिडी मात्र प्रोग्रामरची. कमी करायची ती दुसरी.

कामाचा क्रम यावरूनच ठरतो. आकडा जास्त असलेली फंक्शन शोधावीत आणि त्यांतली वारंवार बदलणारी आधी हाती घ्यावीत. कोडला हात लावण्यापूर्वी सीमांवरच्या टेस्ट लिहाव्यात. वरील उदाहरणात ४, ५, ११, १२, ६४, ६५, ७४ आणि ७५ ही वये, प्रत्येकी स्त्री व पुरुष, अशा एकूण सोळा टेस्ट होतात. मग मांडणी बदलून त्याच टेस्ट पुन्हा चालवाव्यात. सोळाही उत्तरे आधीचीच आली, तर कोड सोपा झाला आणि कोणाच्याही तिकिटात त्या सीमांवर फरक पडला नाही, हे कळते.