कोयत्याचं म्यान

बीड जिल्ह्यात माणसं कोयत्यानं मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागं, टोळी केवढी हे सांगतात तेही कोयत्यांत. खंडेनवमीला त्या पात्याला हळदकुंकू लागतं आणि दसरा-दिवाळी उरकली की धारूर, केज, पाटोदा, शिरूर, वडवणीच्या वाड्यावस्त्यांवरून गाड्या सांगली-कोल्हापूरकडे, काही थेट बेळगाव-बागलकोटकडे ऊसतोडीला निघतात. ज्या हत्याराच्या नावानं माणूस मोजला जातो, ते हत्यार त्या गाडीत पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं असतं. पिठाच्या डब्याला टेकून, झोपलेल्या पोराच्या पायाशी. त्याला म्यान नसतं.

ऊस तोडताना कोयता हातातच असतो, तेव्हा म्यानाची गरज नाही, हे खरं. पण तोडणं हा कामाचा एक भाग झाला. मग वाढ्यानं मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायच्या. ट्रक रात्री दोनला आला तर दोनला. एवढा वेळ कोयता पाचटात पडलेला असतो, आणि अंधारात पाचटातला कोयता पायालाच सापडतो. कमरेला अडकेल असं साधं चामडी म्यान घरच्या घरी करता येईल का, या एका प्रश्नामागं मी गेला उन्हाळा घालवला.

आमच्या गावच्या गटई कामगाराकडे गेलो. समाजकल्याण खात्याच्या योजनेतून मिळालेला पत्र्याचा स्टॉल, आत रापी, आरी, ऐरण, मोगरी आणि पाण्याची कुंडी. त्यांना मी मामा म्हणतो. त्यांच्या वडिलांनी मोटा शिवल्या होत्या. विहिरीवर इंजिन आलं आणि मोट गेली; मोटेबरोबर चामडं आणि लोखंड एकत्र बांधण्याची एक अख्खी विद्याही गेली. मोटेच्या तोंडाला लोखंडी कडं असायचं, ते वादीनं आवळून शिवत. कारण मामांनी एका वाक्यात सांगितलं: “ओलं चामडं लोखंडाला खातं, अन् लोखंड चामड्याला.” बाभळीच्या सालीत किंवा हिरड्यात कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं. ओलाव्यात ते लोखंडाला भेटलं की निळसर काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस उकळून पोथ्यांची काळी शाई करत, तीही याच क्रियेतून. उसाचा रस आणि पहाटेचं दव लागलेल्या कोयत्याच्या म्यानाला म्हणून लोखंडी रिबिट चालत नाही. तांब्याचं किंवा पितळेचं घ्यावं.

चामडं मिळवणं हीच मोठी खटपट ठरली. मार्च 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि जाड कातड्यासाठी मुख्य भिस्त म्हशीवर राहिली. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी. सालीत कमावलेल्या चामड्याचा वापर तिथं टिकला आहे. यातल्या बहुतेक जिल्ह्यांत बीडचे कोयते दरवर्षी ऊस तोडतात. फड आणि चामडं एकाच मुलखात, आणि तरीही हत्यार उघडं. मला हे फार लागलं.

सरळ सुरीचं म्यान म्हणजे दुमडून शिवलेली नळी. कोयता वाकडा, तो नळीत जात नाही. मामांनी कोयता कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली आणि चंद्रकोरीसारखे दोन तुकडे कापले. धार आतल्या वळणाला असते, म्हणून शिवण तिथं. पाठीची बाजू उघडी ठेवायची, म्हणजे कोयता पाठीकडून बसतो आणि वरून टिचबटणाची पट्टी येते. दोन तुकड्यांच्या मध्ये, शिवणीलगत, चामड्याची तिसरी चिंचोळी पट्टी घालायची. ही नसेल तर धार आठ दिवसांत दोरा कापते. शिवण दोन सुयांची: एकाच भोकातून दोन्हीकडून दोरा जातो, त्यामुळे एक टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही.

म्यान कमरेला अडकवायच्या क्लिपला मामा चाप म्हणतात. मी हौसेनं मोजमापाच्या जुन्या टेपचा चाप नेला होता. चांगला स्प्रिंगचा होता, पण त्याला भोक एकच. एका रिबिटावर बसवला आणि पहिल्याच दिवशी तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरला. कोयता आडवा झाला आणि मूठ फासळीत टोचली. चूक माझीच होती. मग लोहाराकडून दोन भोकांचा चाप करून आणला. तो बसवायचा मागच्या तुकड्यावर, आणि तोही शिवण्याआधी. नंतर आत हातोडी पोचत नाही. भोक आरीनं चिरून करायचं नाही, पंचानं गोल पाडायचं, कारण चिरलेलं भोक वजनानं फाटत जातं. रिबिटाच्या दोन्ही अंगांना वायसर, आणि आतल्या बाजूला डोक्यांवर पातळ चामडं चिकटवायचं, म्हणजे पात्याला ओरखडे पडत नाहीत. चाप जितका वर, तितकं म्यान सरळ लोंबतं.

सगळं मिळून खर्च एक टन ऊसतोडीच्या मजुरीच्या आसपास गेला. जानेवारी 2024 च्या लवादात ती टनाला 273 वरून 366 रुपये झाली. नवरा-बायको मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात. त्यातला टनभर एका म्यानावर घालवा, असं कुणाला सांगायला माझी जीभ रेटत नाही. हे कारखान्यानं द्यायला हवं, उसाच्या भावात धरून.

तयार म्यान घेऊन टोळीतल्या एका मावशींकडे गेलो. त्यांनी हातात फिरवून पाहिलं आणि विचारलं, “अडकवू कुठं, दादा? बेल्ट हाय का माझ्या कमरेला?” साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, हा फडातल्या बाईचा वेश. निऱ्यांना चाप लावला तर वजनानं निऱ्याच सुटणार. धोतरवाल्या म्हाताऱ्यांची तीच गत, आणि करदोडा एवढं वजन पेलत नाही. पट्टा गृहीत धरून चाप बसवणारा मी, मला ही कमर दिसलीच नव्हती.

कोकणातल्या माणसानं हे कधीच सोडवलेलं आहे. तिथं कमरेला दोरी, दोरीला मागच्या अंगाला आकडी, आणि आकडीत कोयता. आधाराची दोरी हत्याराबरोबरच येते, कपड्यावर काही अवलंबून नाही. शिवाय तो मागे असतो, त्यामुळे वाकताना पोटात किंवा मांडीत रुतत नाही. आम्ही बाजेची निवार घेतली, दोन बोटं रुंद पट्टा केला, पुढं बक्कल. शर्टावरून तो बांधला आणि चाप मागे अडकवला. मावशी वाकल्या, उठल्या, डोक्यावर मोळी असल्यासारखे दोन्ही हात वर धरून चार पावलं चालल्या. हललं नाही.

मग त्यांनी कोयता काढायला हात मागे नेला, तो डावा. मूठ उलटीकडे होती. मामांनी म्यान हातात घेतलं, रिबिटांकडे पाहिलं, ती न काढताच बाजूला ठेवलं आणि कागदाचा तोच आकार पालथा करून नव्या चामड्यावर ठेवला.